पायांकडे बघणाऱ्या नदाफबाई

आमच्या केंद्राच्या दारात एखादं मूल आईची ओढणी धरून उभं राहिलं आणि "मला नाही भेटायचं" म्हणालं, की अजूनही माझी नजर आधी खाली जाते. वकिलांना वाटतं, बाई विचारात पडल्या. बापाला वाटतं, आपल्याला तोंड द्यायला नको म्हणून खाली बघतेय. मी त्या मुलाचे पाय बघत असते. ही खोड मला नदाफबाईंनी लावली. तिच्यासोबत एक भीतीही लावली, आणि ती काही केल्या सुटत नाही.

नदाफबाई म्हणजे शमशाद नदाफ. मूळ गाव कुंडल, वडील कापूस पिंजून गाद्या भरायचे. सांगलीत कोर्टाच्या आवारातल्या समुपदेशन केंद्रात बाईंची उभी हयात गेली. नवराबायको वेगळे झाले, मूल एकाकडे राहिलं आणि दुसऱ्याला भेटायला नाही म्हणू लागलं, की ते प्रकरण केंद्राकडे येतं. मूल का नाही म्हणतंय ते बघायचं आणि कोर्टाला अहवाल द्यायचा. कागदावर हे काम एका ओळीत मावतं. प्रत्यक्षात त्या ओळीवर एका पोराचं पुढचं सगळं आयुष्य टांगलेलं असतं, आणि बाई ते एक दिवसही विसरल्या नाहीत. त्यामुळेच की काय, त्या कायम धास्तावलेल्या असत.

मुळात बाई भित्र्याच होत्या. मी कौतुकाने म्हणत नाही, खरोखर भित्र्या होत्या. एसटीत ड्रायव्हरच्या मागची जागा पकडायच्या आणि तो मोबाईल कानाला लावायला लागला की ओरडायच्या, "आवं दादा, घरी पोरं वाट बघत्यात आमची!" घरी त्यांची वाट बघायला कुणी नव्हतं, पण ड्रायव्हर मोबाईल ठेवायचा. घराला कुलूप लावून कोपऱ्यापर्यंत जायच्या, परत येऊन ते ओढून बघायच्या. पालीला भ्यायच्या, लिफ्टला भ्यायच्या, बंद खोलीला तर सगळ्यात जास्त. केंद्रातल्या त्यांच्या खोलीच्या दाराला कायम एक वीट लावलेली असे. आतलं बोलणं बाहेर जातं अशी कुणीतरी तक्रार केली, तेव्हा बाईंनी दाराला जाड पडदा लावला. वीट मात्र काढली नाही.

"तुम्ही एवढ्या घाबरता, मग या कामात आलात कशा?" असं मी एकदा त्यांना चिडवलं होतं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "भीत न्हाई त्यानं येऊच नये हितं. तो धडाधड लिवून मोकळा हुतो."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते कराडच्या प्रशिक्षणात. आम्ही सातारा-सांगलीकडचे नवे समुपदेशक, एका हॉलमध्ये जमलो होतो. बाई आल्या त्या एका हातात भडंगाचा स्टीलचा डबा आणि दुसऱ्या हातात बालवाडीतली बुटकी खुर्ची घेऊन. डबा टेबलावर ठेवला, खुर्ची मधोमध ठेवली आणि माझ्याकडे बोट केलं.

"सातारकर, बसा."

माझं नाव त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढेही वापरलं नाही. मी शेवटपर्यंत सातारकरच राहिले.

मी गुडघे पोटाशी घेऊन त्या खुर्चीत बसले. बाईंनी माझ्या एका बाजूला एका बाईंना 'पप्पा' म्हणून उभं केलं आणि दुसऱ्या बाजूला कराडच्याच एका धिप्पाड मिशीवाल्या सरांना 'मम्मी' म्हणून. हॉल हसत होता, मीही हसत होते. सरांना आणखी चेव आला. त्यांनी तोंडाला रुमाल लावून हुंदके द्यायला सुरुवात केली. बाई माझ्यापुढे उकिडव्या बसल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मम्मी रातभर रडलीया. पप्पांनी वकील दिलाय. दोघंबी दारात उभी हायेत, तू काय बोलतीस ते ऐकत्यात. आता सांग बाळा, कुनाकडं ऱ्हायचं?"

हे नाटक आहे हे मला माहीत होतं. तरी मी त्या मिशीवाल्या सरांच्या रुमालाकडे पाहिलं आणि कुणीतरी ढकलल्यासारखी बोलून गेले, "मम्मीकडे."

"कुनाकडं बघून बोललीस?"

मी रुमालावरची नजर काढली.

"आनि पाय बघ तुझं."

माझे दोन्ही पाय दाराकडे वळले होते. मला ना मम्मी हवी होती ना पप्पा, मला त्या खुर्चीतून पळायचं होतं. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "तोंड घरनं पढवून आनता येतंय. पाय पढवायचं कुनाच्या ध्यानात येत न्हाई."

हे ऐकल्याबरोबर सगळ्यांची पेनं सरसावली. बाई एकदम उखडल्या. "लिवू नका! लिवलं की तुमी निस्तं पाय बघशीला आनि बाकीचं सोडशीला. पोरगं न्हाई म्हनतंय म्हंजे बाप वंगाळ, असं न्हाई. आईनं पढवलंय, असंबी न्हाई. कवा कवा दोन्ही असतंय, आनि कवा कवा तिसरंच कायतरी असतंय. ते हुडकायला येळ लागतो, आनि कोरट आपल्याला तारीख देतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एका मुलाची गोष्ट सांगितली. फार वर्षांपूर्वीचं प्रकरण. मुलगा बापाचं नाव काढलं की थरथर कापायचा. बाईंनी त्याचं खरं मानलं, भेटी बंद कराव्यात असं लिहिलं, आणि भेटी बंद झाल्या. मुलगा मोठा झाला, शिकायला कराडला गेला. एक दिवस तो केंद्राच्या दारात येऊन उभा राहिला. डोक्याचे केस काढलेले, नुकतेच. बाईंनी ओळखलं नाही. त्याने नाव सांगितलं आणि विचारलं, "मॅडम, मी लहान होतो. घरात आई रडू नये म्हणून बोलत होतो. तुम्ही तर मोठ्या होता ना? तुम्ही माझं ऐकलं कशाला?"

टेबलाची कड धरून बाई म्हणाल्या, "डबा फिरवा पुढं. भडंग खावा."

सातारला परत जाताना बसमध्ये मी पहिल्यांदा विचार केला की ही नोकरी सोडावी. सोडली नाही, उलट पुढे काही महिने कामाची सवय व्हावी म्हणून माझी रवानगी सांगलीला, बाईंच्याच हाताखाली झाली. तिथे ईश्वरीचं प्रकरण आलं.

ईश्वरी नऊ वर्षांची. आई सुजाता सांगलीत एका औषधांच्या दुकानात कामाला, मुलगी तिच्याकडे. वडील विलास तासगावच्या पुढे राहणारे, द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड. आधी सुट्टीत ईश्वरी आनंदाने बापाकडे जायची. मग एका सुट्टीनंतर तिने जायचं बंद केलं ते केलंच. झोपेत किंचाळून उठायला लागली. काय झालं ते सांगेना. आईने गृहीत धरलं की तो मारत असणार, आणि कोर्टात धाव घेतली. बाप म्हणायचा, बोटसुद्धा लावलेलं नाही, हे सगळं आईने भरवलंय.

पहिल्या भेटीला विलास शेडवरून तसाच आला, गळ्यात टॉवेल, अंगावर कामाचे कपडे. ईश्वरी आईच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "पप्पांकडे गेले तर माझ्या जीवाला धोका आहे." नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडी ते अर्जातलं वाक्य. एकट्यात विचारलं तेव्हा तेच, शब्दाचाही फरक नाही. धोका म्हणजे काय विचारलं, तर तिला सांगता येईना.

केंद्रातल्या आम्हा सगळ्यांचं मत झालं की पढवलेलं आहे. बाईंनी मला विचारलं, "पाय?"

"पप्पांकडेच होते," मी म्हणाले. "टाचा उचललेल्या. धावत जाईल असं वाटलं."

"आनि श्वास?"

श्वास मी पाहिला नव्हता.

"बाप जवळ आला तवा धरला हुता तिनं. गाल कसं घट्ट झालं हुतं. तो लांब गेला तवा सोडला." बाई चष्मा काढून डोळे चोळायला लागल्या. "वाक्य आईचं हाय, ते मलाबी कळतंय. पर भ्या कुनाचं हाय गं? पोरीला सुट्टीभर तिकडं धाडा म्हनून लिवलं आनि तिथं तिला काय झालं तर? आनि नगं म्हनून लिवलं, आनि धा वर्सांनी ती डोळं पुसत दारात आली तर?"

त्या दिवसापासून बाईंचं जेवण कमी झालं. डबा उघडायच्या, झाकायच्या. कोर्टाची तारीख जवळ येत होती.

मग त्यांनी एक केलं. ईश्वरीला खोलीत बोलावून आपल्या मोबाईलवरून विलासला व्हिडिओ कॉल लावून दिला. पोरगी आधी बावरली आणि मग सुटलीच. कुत्रीला पिल्लं झाली का, माझी सायकल कुणी घेतली, तुम्ही दाढी का वाढवली. खुर्चीतून पाय हलवत होती, डब्यातले शेंगदाणे वेचून खात होती. बाई माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. मला वाटलं, त्यांना आनंद व्हायला हवा.

"बापाला भीत न्हाई ती," पोरगी गेल्यावर त्या म्हणाल्या. "बापासंगं जे येतंय त्याला भितीया. काय येतंय त्याच्यासंगं?"

आम्ही दुसऱ्या दिवशी तासगावच्या एसटीत बसलो. बाईंनी ड्रायव्हरला एकदाही हाक मारली नाही, इतक्या त्या स्वतःच्या विचारात होत्या.

शेडवर बेदाण्याचं काम ऐन भरात होतं. बेदाणा निवडायचं यंत्र धडधडत होतं, बोललेलं ऐकू येत नव्हतं. शेडच्या टोकाला एक खोली होती, भिंतीला खिडकी नाही, दाराच्या फटीत कापड कोंबलेलं. बेदाण्याला पिवळा रंग राहावा म्हणून अशा बंद खोलीत गंधक पेटवून त्याची धुरी देतात. आम्ही गेलो तेव्हा खोली रिकामी होती, पण वास होता. नाकातून घशात उतरून तिथेच बसणारा वास. तोच वास, जो पहिल्या भेटीत विलासच्या टॉवेलला होता. मी आपोआप श्वास धरला. बाईंनी माझ्या गालांकडे पाहिलं आणि त्या विलासकडे वळल्या.

"ईश्वरी हितं कवा आली हुती का?"

विलास मग खाली बसला, भिंतीला टेकून. "लपाछपी खेळत हुती वो. आत ट्रेच्या मागं लपली, मला दिसली न्हाई. मी गंधक पेटवला, दार लावून घेतलं. मशीन चालू हुतं. मोबाईल सापडंना म्हनून, आत ऱ्हायला का बघाया परत दार उघडलं. तर ही दारातच पडल्याली."

"मोबाईल खिशात असता तर?"

त्याने टॉवेलने तोंड पुसलं.

"दवाखान्यात नेली?"

"न्हाई. बागंत न्हेऊन वाऱ्याला बसवली, तोंडावर पानी मारलं. आली शुद्धीवर. मी म्हनलं, बाळा, मम्मीला सांगू नगं हां, न्हाईतर ती तुला हिकडं पाठवायची न्हाई." मग तो जरा मान वर करून, चक्क कौतुकाने म्हणाला, "न्हाई सांगितलं तिनं. अजून कुनाला न्हाई सांगितलं."

मला त्या माणसाच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. पोरीला खरं सांगायचं नव्हतं, कारण बापाला शब्द दिला होता. बापाकडे जायचं नव्हतं, कारण त्याच्या अंगाला त्या खोलीचा वास येत होता. आणि आईने तिच्या गप्प तोंडात आपलं वाक्य ठेवलं होतं. पण बाई माझ्यासारख्या तापल्या नाहीत. त्या खोलीच्या दाराकडे बघत होत्या.

"म्हंजे हाक मारली असंल तिनं आतनं."

"मारली असंल. मला आलीच न्हाई ऐकाया. देवाशपथ."

"बरं." बाईंनी पदर खांद्यावर खोचला. "मी आत जाते. तुमी दार लावा. त्या दिवशी लावलंत तसं."

मी त्यांचा दंड धरला. लिफ्टला भिणारी बाई, दाराला वीट लावणारी बाई! त्यांनी माझा हात सोडवला. त्या आत गेल्या. विलासने दार ओढलं, कडी घातली, कापड कोंबलं आणि बाजूला झाला. खरं बोलतोय की खोटं हे आम्हाला अजून माहीत नव्हतं, आणि बाईंनी त्याच्याच हाताने स्वतःला कोंडून घेतलं होतं. यंत्र धडधडत होतं. मी दाराला कान लावला. काही नाही. नुसती थरथर. आत धूर नाही, हे मला माहीत होतं.

"उघडा," मी म्हणाले. विलास जागचा हलला नाही, त्या दाराकडे बघत उभा होता, बहुतेक त्याला तोच दिवस दिसत होता. मीच कडीला झोंबले. ती अडकली. दोन्ही हातांनी हिसका दिला तेव्हा निघाली.

बाई पदर तोंडाला लावून बाहेर आल्या. ओठ पांढरे झाले होते.

"किती वरडले मी. आलं ऐकाया?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"अम्मी म्हनून वरडले," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "ह्या वयात." मग विलासकडे वळल्या. "तुमाला ऐकाया आलं न्हाई, हे खरं हाय. पर सांगू नगं म्हनलात, हेबी खरं हाय. आता ते तुमी सोता सोडवायचं. पोरीम्होरं, तिच्या आईम्होरं."

तो दिवस मी विसरणार नाही. केंद्रातल्या त्या दाराला वीट लावलेल्या खोलीत विलास अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आला. सगळं बोलला, मध्ये मध्ये आवाज फुटत होता. सुजाता ऐकता ऐकता खुर्चीवरून उठली. तिने ठरवलं असतं तर तो बाप त्या क्षणी कायमचा संपला असता. बाईंनाही ते दिसत होतं. त्यांची बोटं पदराच्या टोकाला पीळ देत होती.

"म्हणजे मी खोटी नव्हते," सुजाता ओरडली. "माझ्या पोरीच्या जीवाला धोका होताच!"

तेवढ्यात ईश्वरी बोलली. ते अर्जातलं वाक्य नव्हे, स्वतःचं. "मी पप्पा, पप्पा म्हणून ओरडले. मम्मी, मी तुला हाक नाही मारली, पप्पांनाच मारली. पप्पा बाहेरच होते."

सुजाता मटकन खाली बसली आणि तिने पोरीला जवळ ओढलं. विलास तोंड झाकून रडत होता. ईश्वरीने एकदा आईकडे पाहिलं, एकदा बापाकडे, आणि मोठ्ठा श्वास घेऊन ती हमसून रडायला लागली. बाई म्हणाल्या, "रडू दे. कुनी गप करू नका तिला."

अहवालात बाईंनी जे घडलं ते सगळं लिहिलं, काही लपवलं नाही. बापलेकीच्या भेटी व्हाव्यात, पण सांगलीतच, हळूहळू. शेडवर न्यायचं नाही. पहिले काही दिवस केंद्रात, आमच्यासमोर. सही करताना त्यांचा हात थांबला. "पोराचं सांगितलं हुतं न्हवं तुमाला, क्येस काढल्यालं?" त्या मला म्हणाल्या. "तवा सही करताना हात थांबला नव्हता." कोर्टाने अहवाल मान्य केला.

ईश्वरी बापाबरोबर पहिल्यांदा एकटी बाहेर गेली, तो नेमका बाईंचा नोकरीतला शेवटचा दिवस होता. नदीच्या घाटावर फिरायचं, काहीतरी खायचं आणि ऊन उतरायच्या आत परत यायचं, असं ठरलं होतं. इकडे हॉलमध्ये निरोप समारंभाची तयारी झालेली. नारळ, शाल, हार, फोटोवाला. आणि बाई फाटकात उभ्या. शेजारी सुजाता, तिचा हात बाईंच्या हातात. कोण कुणाला धीर देत होतं ते सांगता आलं नसतं.

मी दोनदा बोलवायला गेले. "बाई, साहेब आलेत. सगळे थांबलेत."

"थांबू देत."

ऊन भिंतीवरून उतरलं, रस्त्यावरून सरकलं. विलासचा फोन लागेना. सुजाताच्या तोंडचं पाणी पळालं. मी बाईंच्या इतकी जवळ उभी होते की मला त्यांच्या बांगड्या एकमेकींवर वाजताना ऐकू येत होत्या. मला शेडची ती कडी आठवली. आम्ही हे काय करून बसलो, असं मला वाटलं.

मोटारसायकल आली तेव्हा बाईंनी तिच्यावरच्या दोघांची तोंडं पाहिली नाहीत. ईश्वरी उतरली. आईकडे धावली, अर्ध्यात थांबली, परत मागे धावली आणि बापाच्या हातातली पिशवी घेऊन आली. पिशवीत आईसाठी गरम भजी होती. तिला धाप लागली होती, तोंड उघडं होतं. "पप्पांचा मोबाईल बंद पडला," ती म्हणाली, "म्हणून मला सांगायला नाही आलं."

मला हायसं वाटलं. मी हसले आणि म्हणाले, "चला बाई, आता तरी चला. हार सुकला."

बाई हलल्या नाहीत. त्या तिघांना फाटकातून आत जाताना बघत होत्या. मग माझ्याकडे वळल्या. त्यांच्या तोंडावर सुटकेचं चिन्हही नव्हतं, सकाळी होती तीच भीती होती, आणि मला तेव्हा कळलं की ती आता त्यांना कुणाच्या तरी हाती द्यायची आहे.

"फुडच्या बारीला हितं कोन उभं ऱ्हाईल, सातारकर?"

"मी राहीन," मी म्हणाले.

बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. त्यांनी चष्मा सारखा केला आणि माझ्या पायांकडे पाहिलं.